शंभर मीटरच्या आतले हात

पडलेला दगड उभा करायला किती दिवस लागावेत? हायम वाकरूळकरांचा अंदाज होता दोन. केरू पाथरवटाला निरोप धाडायचा, तो पहारीनं दगड उठवील, खाली चार चिरे बसवील, काम फत्ते. वाकरूळकर रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतः अंदाज असा कधी केलाच नव्हता. कचेरीत अंदाज साहेब करतात, आणि तो का चुकला याचा खुलासा हेडक्लार्क लिहितो. त्यामुळे खुलाशात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण अंदाजाची सवय नव्हती. तो एकदा चौपन्नाव्या वर्षी करायला गेले आणि पेन्शन धोक्यात आली.

सुरुवात झाली ती पंच्याऐंशीच्या जानेवारीत, इस्राएलहून आलेल्या एका पत्रानं. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत त्या बेने इस्राएलांची रत्नागिरीत तेव्हा दोनच घरं उरली होती. एक वाकरूळकरांचं आणि दुसरं कुलूप लावलेलं. त्यामुळे मिरकरवाड्याच्या वाटेवर जे लहानसं यहुदी कबरस्तान होतं, त्याचे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि माळी वाकरूळकरच. पत्र त्यांच्याकडे येणार हे ठरलेलं.

पत्र मराठीत होतं, वळणदार अक्षरात. लिहिणारे मनाशे कोहेन. त्यांचे वडील योसेफ कोहेन कोचीनहून रत्नागिरीला हझान म्हणून, म्हणजे प्रार्थना चालवायला आणि मुलांना शिकवायला आले होते आणि छत्तीस साली इथेच वारले. 'मी आता सत्तरीचा आहे,' मनाशेंनी लिहिलं होतं. 'मार्चच्या पहिल्या मंगळवारी येतो. सकाळी पोचेन, चारच्या गाडीनं परत. बाबांचा दगड डोळ्यांनी बघावा एवढीच इच्छा. पण आम्ही कोहेन, पुरोहित घराण्यातले. आम्हाला कबरस्तानात पाऊल टाकता येत नाही. बाबांना मूठमाती देताना गेलो तेवढाच. तरी गडग्याबाहेरून, रस्त्यावरून दगड दिसेल अशी काही सोय झाली तर उपकार होतील. दगडावर दोन हात कोरलेले आहेत, त्यावरून ओळखाल.'

वाकरूळकरांनी पत्र बायकोला वाचून दाखवलं. सिबियाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी बापाला भेटायला येतोय आणि तेही बाहेरून. करा काहीतरी."

दगड सापडला करवंदीच्या जाळीत, तोंड खाली करून पडलेला. चौघांनी उलटा केला. वर दोन तळवे, अंगठ्याला अंगठा टेकलेला, आणि प्रत्येक हाताची दोन बोटं एकीकडे, दोन बोटं दुसरीकडे. मध्ये बैलाच्या शिंगांत असते तशी फट. खाली हिब्रूत आणि मराठीत नाव. बेने इस्राएलांत कोहेन घराणी नाहीत, त्यामुळे या हातांचा अर्थ वाकरूळकरांना ठाऊक नव्हता. कोहेनांच्या थडग्यावर असे हात असतात, इतपत ऐकलं होतं.

गडगा छातीएवढा उंच. म्हणजे दगड त्याच्यावर डोकावायला हवा, म्हणजे चौथरा हवा, म्हणजे चार चिऱ्यांचे चाळीस झाले. तोंड रस्त्याकडे हवं. लांबून दिसायला हातांना पांढरा रंग हवा. सगळं ठरवून वाकरूळकर निर्धास्त कचेरीत गेले. जाताना रस्त्यापलीकडे काय आहे इकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. तिथे प्राथमिक शाळा होती आणि दर निवडणुकीला त्या शाळेत मतदान केंद्र असे. वाकरूळकर स्वतः त्या केंद्रावर तीनदा ड्युटीला बसले होते. माणसाला आपल्या रोजच्या वाटेवरचं दिसत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

विधानसभेच्या निवडणुका मार्चच्या त्याच मंगळवारी जाहीर झाल्या.

केरू हरचेरीकडचा. पाटे-वरवंटे घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काम झाल्याची वर्दी द्यायला तो संध्याकाळी घरी आला आणि पायरीवर बसला.

"दगड उभा केलाय, भाऊसायब. आता पाडू म्हटलात तरी पडायचा नाय. आनि हातांना भेगा पडल्या व्हत्या, त्या शिमिटानं बुजवल्या. वरनं रंग मारलाय. ते आपलं माज्याकडनं."

वाकरूळकरांचा चहाचा कप वाटेतच थांबला. "कुठल्या भेगा?"

"बोटांच्या मदल्या. दोनी हातांना एकाच जाग्याला."

"अरे, दोन्ही हातांना एकाच जागी भेग कशी पडेल, हे तुझ्या मनात आलं नाही?"

"आला तर," केरू म्हणाला. "मंग म्हटला, दगड एकाच खानीतला असंल."

वाकरूळकर चपला घालून धावत गेले. मावळतीच्या उन्हात गडग्यावरून दोन पांढरेशुभ्र पंजे रस्त्याकडे बघत होते. बोटाला बोट जुळलेलं. त्या महिन्यात रत्नागिरीतल्या निम्म्या भिंतींवर एका मोठ्या पक्षाची निशाणी म्हणून हाताचा पंजा रंगवलेला होता, पण तो चुन्यानं आणि एकच. इथे जोडी होती, पाषाणात, चौथऱ्यावर, मतदान केंद्रासमोर.

आणि समोर लवूशेट मयेकर उभे होते.

लवूशेटचं कोपऱ्यावर किराणा दुकान. माणूस वाईट नव्हता, पण त्या साली ते एका अपक्षाचे प्रतिनिधी होते आणि त्या अपक्षाची निशाणी शिडी होती. शिडी भिंतीवर रंगवली की लोकांना वाटे, इथे रंगारी शिडी विसरून गेला. त्यामुळे लवूशेट आधीच दुखावलेले. त्यांनी हातांकडे बघितलं, वाकरूळकरांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार गेली. 'इतर लोक भित्तिपत्रके लावतात, परंतु श्री. वाकरूळकर यांनी शासकीय सेवेत असताना एका पक्षाच्या निशाणीचे पक्के बांधकाम केले आहे.' वाकरूळकरांनी ती वाचली तेव्हा रागाच्या आधी त्यांच्या मनात आलं की मसुदा चांगला आहे.

निवडणुकीचे झोनल अधिकारी म्हणून माळगेसाहेब नेमलेले होते. कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, कोकणातल्या घामानं आणि माशांच्या वासानं बेजार झालेले. ते जीपमधून आले, टेप काढली, शाळेच्या फाटकापासून गडग्यापर्यंत मोजली.

"एक्क्याण्णव मीटर."

"साहेब, नऊच मीटरचा प्रश्न आहे," वाकरूळकर म्हणाले.

"केंद्राच्या शंभर मीटरात निशाणी चालत न्हाई. शंभराच्या आत ते आत. नव्याण्णव असतं तरी आतच की ओ." त्यांनी पंचनामा लिहिला, त्यात 'हाताची बोटे जुळलेली' असं नमूद केलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "हे बघा वाकरूळकर. मी हा अहवाल वर धाडला तर तुमचं निलंबन व्हतंय. निवडणुकीच्या काळात कोण चौकशी करत बसत न्हाई, आधी निलंबन आणि मग विचारपूस. आठ दिवसांत खुलासा द्या."

त्याच आठवड्यात वाकरूळकरांची निवडणूक ड्युटी रद्द झाल्याचा कागद आला. ज्या ड्युटीतून सुटायला कचेरीतले लोक पोटात गोळा आणत, सासू आजारी पाडत, ती त्यांना न मागता रद्द होऊन मिळाली. सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. वाकरूळकर मात्र तो कागद घेऊन दुपारभर बसून राहिले. तेहतीस वर्षांत प्रथमच सरकारनं त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता, आणि तोही टंकलिखित, मराठीच्या तीन चुकांसह.

खुलासा लिहायला बसले तर ओळ सुचेना. दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे त्यांनी पाण्यासारखे लिहिले होते. स्वतःच्या निरपराधपणाचा कसा लिहितात हे कुणी शिकवलंच नव्हतं.

अशा वेळी सल्ला द्यायला करीमभाई होते. शेजारीच घर. आयुष्य बोटीवर काढून आता निवृत्त, मुलगा दुबईला. करीमभाई म्हणाले, "भाऊसाब, यात काय कठीण? भेग बुजवलान म्हणून पंजा झाला. भेग परत काढा, पंजा संपला."

सल्ला इतका सरळ होता की वाकरूळकरांना संशय यायला हवा होता. केरूनं दोन दिवस बसून शिमीट टाकीनं काढलं. बोटं पुन्हा दोन-दोन झाली. तिसऱ्या दिवशी लवूशेटची दुसरी तक्रार गेली: 'पुराव्यात फेरफार.'

माळगेसाहेब पुन्हा आले. त्यांनी खिशातला पंचनामा काढून दगडाशी ताडून पाहिला. "कागदावर बोटं जुळल्याली हायत. दगडावर फाकल्याली हायत. आता मी काय करू? कागद खोटा म्हणू का दगड खोटा म्हणू?"

"साहेब, मूळचे हात असेच आहेत. पुरोहितांची खूण आहे ती."

"कशाची खूण?"

आणि इथे वाकरूळकर अडले. कशाची, ते त्यांना माहीत नव्हतं. माळगेसाहेबांनी त्यांच्याकडे, शाळेतल्या मास्तरनं गृहपाठ विसरलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि जीपमध्ये बसले.

तोवर हातांची कीर्ती पसरली होती. एका सकाळी चौथऱ्यावर नारळ आणि हळदकुंकू दिसलं. वरच्या वाडीतल्या हौसाबाईनं सतीचा हात म्हणून वाहिलं होतं. मिरकरवाड्यातून दोघे जण हा मोहरमच्या पंजासारखा पंजा कुणी बसवला याची चौकशी करून गेले. वाकरूळकर सगळ्यांना सांगत की हा आमचा आहे, आणि लोक विचारत की मग याचा अर्थ काय, आणि ते पुन्हा अडत.

मनाशेंना तार करून येऊ नका म्हणून कळवावं असं एकदा त्यांच्या मनात आलं. त्यांनी मजकूरही जुळवला. सिबियाबाईंनी तो वाचला. "सत्तर वर्षांचा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या, असं कुठल्या तोंडानं लिहिता?" तार गेली नाही.

रविवारी सकाळी दाढीचा साबण गालाला असतानाच करीमभाईंची हाक आली. "भाऊसाब, लवकर या. तुमचा हात टीव्हीवर आलाय."

करीमभाईंच्या मुलानं दुबईहून रंगीत टीव्ही धाडला होता आणि रविवारी सकाळी आळीतली अर्धी माणसं त्यांच्या ओटीवर असत. आकाशात तबकडीसारखं जहाज घेऊन फिरणाऱ्या लोकांची एक परदेशी मालिका लागे. वाकरूळकर तोंड पुसत पोचले तेव्हा पडद्यावर पाट्या वर सरकत होत्या.

"गेला," करीमभाई म्हणाले. "तो टोकदार कानांचा आहे ना, परग्रहावरचा साहेब, त्यानं हात वर केलान. शप्पत सांगतो. दोन बोटं इकडे, दोन तिकडे. तुमच्या दगडासारखा."

ओटीवरच्या सगळ्यांनी साक्ष दिली. त्या दिवसापासून आळीतली पोरं वाकरूळकर दिसले की बोटं फाकवून हात वर करू लागली. कचेरीत निघालेल्या हेडक्लार्कला परग्रहाची सलामी. ते मान खाली घालून चालत, आणि लवूशेट दुकानातून बघत आणि वहीत काहीतरी टिपून ठेवत.

पण बुडत्याला काडीचा आधार. वाकरूळकरांनी त्याच दिवशी खुलासा लिहिला. 'सदर हस्तमुद्रा दूरदर्शनवरील मालिकेत परग्रहावरील एका अधिकाऱ्यानेही केली असून, सदर अधिकारी कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंधित असल्याचे ऐकिवात नाही.'

माळगेसाहेबांनी खुलासा दोनदा वाचला. "तुम्ही स्वतः बघितलंय?"

"नाही साहेब. पण साक्षीदार आहेत."

"साक्षीदार नकोत. पुढच्या रविवारी मी येतो. माझ्या डोळ्यांनी हात बघितला, तर मी अहवाल फाडतो. न्हाई बघितला तर मग तुमचं तुम्ही बघा." हे त्यांनी इतक्या थंडपणे सांगितलं की वाकरूळकरांना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

तो रविवार मतदानाच्या आधीचा शेवटचा. करीमभाईंच्या ओटीवर त्या दिवशी पोरांना मज्जाव होता. मध्ये माळगेसाहेब, मांडीवर वही, हातात पेन्सिल. तक्रारदार म्हणून लवूशेट, त्यांनी हजर राहण्याचा आग्रहच धरला होता. करीमभाईंच्या बायकोनं, मासूमाभाभींनी, नानखटाई ठेवली होती. वाकरूळकर खुर्चीच्या कडेवर बसले. करीमभाईंनी सकाळपासून चारदा अँटेना फिरवून पाहिली होती.

मालिका सुरू झाली. टोकदार कानांचा गृहस्थ आला. उंच, गंभीर, एक भुवई वर. वाकरूळकरांना तो पाहताक्षणी आवडला. कचेरीत असा एखादा असता तर फायली तुंबल्या नसत्या. पण तो गृहस्थ हात पाठीमागे बांधून उभा होता.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. जहाज हादरलं, लोक इकडून तिकडे पडले. त्यानं हात पाठीमागून काढला. माळगेसाहेबांची पेन्सिल वर गेली. त्यानं एक बटण दाबलं आणि हात परत मागे नेला. पेन्सिल खाली आली.

"आता करील," करीमभाई पुटपुटले.

अर्ध्या तासानं एक हिरवट माणूस समोर आला. नमस्कार-चमत्काराची वेळ होती. कानवाल्यानं मान हलवली. नुसती मान. पुढे एकदा त्यानं हात उचलला तो हनुवटीला लावायला. वाकरूळकरांच्या नकळत त्यांचीच बोटं मांडीवर फाकली होती आणि लवूशेट त्याच्याकडे टक लावून बघत होते. शेवटी जहाज ताऱ्यांत निघून गेलं आणि पाट्या वर सरकू लागल्या.

करीमभाईंनी उठून टीव्ही बंद केला.

"आज त्याला गरज नाही वाटली," करीमभाई म्हणाले.

माळगेसाहेबांनी वही मिटली. लवूशेटनी मिटलेल्या वहीकडे समाधानानं बघितलं. वाकरूळकरांच्या डोळ्यांसमोर निलंबनाचा कागद होता, त्याखाली सही होती, आणि त्याहून पुढे मंगळवारी स्टँडवर उतरणारा एक म्हातारा होता. माळगेसाहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एक नानखटाई उचलली, सावकाश खाल्ली.

"अहवाल माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "तो तिथंच ऱ्हाईल, पण एका अटीवर. मंगळवारी मतदान संपेपर्यंत दोन्ही हात कापडानं झाकायचे. खालचं नाव दिसलं तरी चालंल. संध्याकाळी पाचपर्यंत कापड इंचभर जरी हाललं, तरी अहवाल वर जातोय."

"साहेब, पण ते मंगळवारीच येणार. चारची गाडी आहे त्यांची. त्यासाठीच तर दगड—"

"मी बोलावलंय का त्यांना?" साहेब उठले.

सिबियाबाईंनी जुन्या पांढऱ्या चादरीची खोळ शिवली, नीट माप घेऊन, नाड्या लावून. शिवताना एकच वाक्य बोलल्या: "गेलेल्या माणसाला झबलं शिवायची वेळ आणलीत."

मंगळवारी वाकरूळकर सात वाजल्यापासून कबरस्तानात उभे. मिरकरवाड्याकडून वारा सुटला होता आणि खोळ शिडासारखी फुगत होती. त्यांनी वरून सुतळीचे तीन वेढे दिले. रस्त्यापलीकडे मतदारांची रांग. जो येई तो आधी या पांढऱ्या गाठोड्याकडे बघे. 'आत काय आहे?' असं एकानं विचारलं आणि रांगेतल्या दहा जणांनी त्याला सांगितलं. झाकल्यामुळे जेवढा प्रचार झाला तेवढा उघडं ठेवून झाला नसता, असं वाकरूळकरांच्या मनात आलं, पण ते लेखी देण्यासारखं नव्हतं.

अकराला रिक्षा थांबली. उतरला तो एक सडपातळ म्हातारा, डोक्यावर हॅट, हातात कापडी पिशवी. सिबियाबाई त्यांना आणायला स्टँडवर गेल्या होत्या. त्या मागून उतरल्या. मतदान करून आलेले करीमभाईही जवळ आले. म्हातारा गडग्यापासून दोन पावलं अलीकडेच थांबला आणि बघत राहिला.

वाकरूळकर बाहेर आले. तीन आठवडे मनात घोळवलेलं सगळं भाषण ते विसरले. "माफ करा," एवढंच म्हणाले. "आज नेमकं—"

मनाशे कोहेनांनी हातानं थांबवलं. ओठ हलवत त्यांनी दगडावरचं नाव वाचलं, आधी हिब्रूतलं, मग मराठीतलं. मग डोळे वर गेले.

"हे कापड कुणी घातलान?" पस्तीस वर्षं इस्राएलात राहून आलेल्या माणसाची बोली अस्सल रत्नागिरीची होती.

"सरकारनं," वाकरूळकर म्हणाले. "मी लेखी विनंती केली होती. आजच्यापुरतं तरी—"

"सरकारात आमचा कोण माणूस आहे काय?"

"नाही. का?"

"मग त्यांना कसं कळलं?" म्हातारा अजून खोळीकडेच बघत होता. "हे हात झाकायचेच असतात. कोहेन आशीर्वाद देतो तेव्हा सिसिथ, आपली झालरीची चादर, डोक्यावरून घेतो आणि हात तिच्याखाली धरतो. बोटांचा आकार म्हणजे शीन अक्षर, देवाच्या एका नावातलं पहिलं. तेव्हा त्या हातांकडे कुणी बघत नाही. इथे पंधरा घरं होती तेव्हा बाबा द्यायचे. मी लहान, आईच्या पदरात तोंड घालून उभा. त्यांचे ते हात मी एकदाही बघितले नाहीत. दगड बसवला तेव्हा वाटलं होतं, आता मेल्यावर उघडे पडले बिचारे." ते वाकरूळकरांकडे वळले. "तुम्ही बरं केलंत."

वाकरूळकरांनी नुसती मान हलवली, टीव्हीवरच्या गृहस्थासारखी.

करीमभाईंना राहवेना. "मग तो टीव्हीवरचा कानवाला? त्याचा पण असाच हात."

मनाशे हसले. "तो नट आमच्यातलाच, अमेरिकेतला. आमच्याकडे पेपरात आलं होतं. लहानपणी बापानं त्याला प्रार्थनेला नेलान आणि सांगितलान, डोळे मीट. यानं हळूच बघितलान. मोठेपणी परग्रहावरची सलामी करायची वेळ आली, तेव्हा तोच हात काढलान."

याच सुमाराला माळगेसाहेबांची जीप फेरीवर येऊन थांबली. खोळ जागेवर आहे हे त्यांनी बघितलं. मनाशे तेव्हा पिशवीतून पांढरी झालरीची चादर काढत होते. "नियमानं आशीर्वादाला आमची दहा माणसं लागतात," ते वाकरूळकरांना म्हणाले. "इथे आपण दोघंच. नियमाबाहेर देतो. तुम्ही माझ्या बाबांना उठवून उभं केलंत."

लवूशेट आपल्या उमेदवाराच्या टेबलावरून जवळजवळ धावतच आले. "साहेब, हा माणूस मतदान केंद्रासमोर दोन्ही हात वर करणार आहे. जिवंत हात, रांगेदेखत. मी लेखी तक्रार देतो."

वाकरूळकरांनी माळगेसाहेबांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. कागदाची घडी तिथे स्पष्ट दिसत होती. म्हाताऱ्याला थांबवावं तर हा शेवटचा दिवस. न थांबवावं तर आपलाही शेवटचा. मग त्यांनी जे केलं ते तेहतीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी साहेबांना विचारलं नाही. "द्या," ते मनाशेंना म्हणाले, आणि मान खाली घातली.

करीमभाईंनी माळगेसाहेबांच्या कानाशी लागून दोन शब्द सांगितले. साहेब पुढे आले. "आजोबा, हे बघायचं नसतंय म्हणता?"

"नाही बघायचं. बघणाऱ्याची नजर अधू होते म्हणत जुने लोक."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि रस्त्याकडे पाठ केली. "लवूशेट, तोंड फिरवा. नजरेचा प्रश्न आहे."

लवूशेटचं दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते असे गर्रकन वळले की टोपी पडली. रांगेतल्या बायकांनी पदर पुढे ओढले, पुरुषांनी शाळेच्या भिंतीकडे तोंडं केली. करीमभाईंनी डोळे मिटून तळवे पुढे धरले. सिबियाबाईंनी वाकरूळकरांच्या बाहीला धरलं.

तीन आठवडे सगळं गाव त्या हातांकडे बघत होतं. आता हात खरोखर वर झाले होते आणि बघायला कुणी नव्हतं. वाकरूळकरांना फक्त आवाज ऐकू आला. म्हाताऱ्याचा, थोडा कापरा, एकेक शब्द लांबवत नेणारा. शब्द त्यांना लहानपणापासून पाठ होते. बाप दर शुक्रवारी डोक्यावर हात ठेवून हेच म्हणायचा. देव तुला आशीर्वाद देवो आणि सांभाळो. सांभाळो, या शब्दाशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही.

आवाज थांबला. चादर घडी करून पिशवीत गेली. लोक हळूहळू वळले. लवूशेटनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "साहेब, तक्रार लिहून घ्या."

"लिवतो की." माळगेसाहेबांनी वही उघडली. "कुणी बघितलं?"

लवूशेटनी रांगेकडे बघितलं.

"तुम्ही बघितलं?"

"मी कसा बघीन? माझा डोळा—"

"रांगेत कुणी बघितलं?"

रांगेत एकजण खोकला. साहेबांनी वहीत एकच शब्द लिहिला आणि वही वाकरूळकरांपुढे धरली. वाकरूळकरांनी तो शब्द आजवर हजारो तक्त्यांत लिहिला होता. निरंक.

"काय लिहिलान?" मनाशेंनी विचारलं.

"निरंक."

"म्हणजे काय?"

"म्हणजे," वाकरूळकर चष्मा पुसत म्हणाले, "इथे काही झालं नाही."

म्हाताऱ्यानं गडग्यापलीकडच्या झाकलेल्या हातांकडे एकदा बघितलं. "असं कसं," तो म्हणाला. "झालं की."